माठातलं पाणी सुनेला पाजा

पत्र

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६१. नातू साडेतीन महिन्यांचा आहे. सून माहेरी बाळंतपण करून एप्रिलच्या शेवटी आली. तेव्हापासून बघते, पोर दिवसातून आठ-दहा वेळा पिवळी, फुटकी शी करतं. मी म्हटलं, अंगावरचं दूध बाधतंय. ती शेवभाजी खाते, वर मिरचीचा ठेचा घेते. शेजारीण म्हणाली, दोन दिवस अंगावरचं बंद करा, बाटलीने डब्याचं पाजा. सून ऐकत नाही. पाण्याचा थेंब नको, गुटी नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते. इथे ४४ डिग्री ऊन आहे.

पंधरा दिवसांपूर्वी शिरपूरला लग्न होतं. सून हळदीला आत गेली, बाळ माझ्याकडे होतं. ओठ सुकलेले दिसले. बाजूची एक बाई म्हणाली, "पोऱ्याले तीस लागनी व्हई, पाज वं घोटभर." मी चार चमचे पाणी पाजलं. घरी आल्यावर सून आंघोळीला गेली की दोन दिवस गुटी उगाळून चाटवली. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखे ढाळ लागले, ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरा आहे. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

मी पाच बाळंतपणं काढली. चौघं मोठी झाली, सगळी गुटी-पाण्यावर. एक दात येताना ढाळात गेला. माझ्या हातून झालं का हे? आणि जूनमध्ये सून शाळेत शिकवायला जाणार, मग बाटली लागणारच ना?

— एक आजी

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सिस्टर म्हणून, दुसऱ्यांदा सासू म्हणून. माझ्याही घरात सून आहे, आणि माझाही हात तिच्या बाळाकडे तिच्या मनाविरुद्ध गेलेला आहे.

ज्यासाठी पत्र लिहिलंत ते आधी बोलते. त्या पाण्याने ढाळ लागले का? लागले असतील. छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही, कारण लग्नघरात बाळाला पंधरा जणी घेतात, गालाला हात लावतात, तोंडाशी बोट नेतात. पण लग्नातलं पाणी तुम्हीही पाहिलंय आणि मीही. टँकर येतो, त्यातून पिंप भरतं, पिंपावर एक ताट झाकलेलं असतं. ताट सरकवून शंभर माणसं ग्लास बुडवतात, ग्लासाबरोबर चार बोटंही बुडतात, आणि मधूनच एखादं पोर कोपरापर्यंत हात घालून बर्फाचा तुकडा शोधतं. मोठ्या माणसाला त्यातून बहुतेक वेळा काही होत नाही, झालं तरी एखादी फेरी जास्त. साडेतीन महिन्यांच्या आतड्याला ते झेपत नाही. मग दोन दिवस गुटी. सहाण धुतलेली होती का, हात कसे होते, उगाळायला पाणी कुठलं घेतलं, हे आता विचारून उपयोग नाही. शक्यता मात्र आहे, ती मी तुमच्यापासून लपवत नाही.

आता दुसरं. लग्नाच्या आधी बाळाला जे होत होतं, ते ढाळ नव्हतेच.

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी तशीच असते. पिवळीधमक, पातळ, मोहरी वाटून पाण्यात कालवावी तशी, मध्ये पांढरट बारीक दाणे. वास आंबूस, पण नाक दाबावं असा नाही. पहिल्या महिन्यांत काही बाळं दर वेळी पिऊन झालं की करतात, म्हणजे दिवसातून आठ काय, दहाही होतात. तेच बाळ पुढे कधी चार दिवस करतच नाही, आणि मग घरातली माणसं उलट्या बाजूने घाबरतात. बाळ खेळतंय, पितंय, वजन वाढतंय, लघवी भरपूर आहे, तर ती शी मोजत बसू नये. खरा जुलाब ओळखायचा तो त्याच्या रोजच्या सवयीवरून. एकाएकी नुसतं पाणी यायला लागलं, लंगोट शोषून घेतो आणि मागे काहीच उरत नाही, वास बदलला, बाळ मलूल झालं, अंग तापलं, तर तो जुलाब. शीमध्ये रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

शेजारणीचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं बघा. नसलेल्या आजारावर उपाय म्हणून अंगावरचं बंद, वर बाटली, आणि त्या बाटलीतून खरा आजार. हे मी नोकरीत इतक्या घरांत पाहिलंय की आता चेहरे आठवत नाहीत, बाटल्या आठवतात. शेवभाजीही यातून निर्दोष सुटली, बरं का. आईने तिखट खाल्लं म्हणून बाळाला जुलाब होत नाहीत. मिरचीचा जाळ दुधात उतरत नाही. खाऊ द्या तिला.

दूध कसं राखण करतं ते थोडं सविस्तर सांगते. तुम्ही शेतातल्या बाई आहात, तुम्हाला पटेल.

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीक येतो. पूर्वी आपण तो पिळून टाकायचो, घाण म्हणून. त्यात रोगाशी लढणारे पदार्थ ठासून भरलेले असतात. आयजीए नावाचं एक प्रतिद्रव्य त्यात फार असतं. ते बाळाच्या रक्तात जात नाही, आतड्याच्या आतल्या भिंतीवर लेपासारखं बसतं आणि जंतूला चिकटूच देत नाही. चीक संपला तरी दुधातून ते येत राहतं.

आता यातली खरी गंमत. हे प्रतिद्रव्य सगळ्या आयांच्या दुधात सारखं नसतं. तुमची सून तुमच्याच माठातलं पाणी पिते, त्याच मोरीत हात धुते, त्याच बादलीला शिवते. घरातले जंतू तिच्या पोटात जातात. तिचं आतडं त्यांना ओळखतं, ओळखणाऱ्या पेशी तयार करतं, आणि त्यातल्या काही पेशी रक्तातून थेट स्तनात जाऊन बसतात. तिथे त्या नेमक्या त्याच जंतूंवरची प्रतिद्रव्यं दुधात सोडतात. म्हणजे चोपड्यातल्या घरात फिरणाऱ्या जंतूवरचं औषध चोपड्यातल्या त्या घरात राहणाऱ्या आईच्या अंगात तयार होतं. माहेराहून सासरी आल्यावर ते नव्या घराप्रमाणे बदलायलाही लागतं. दुकानातल्या कुठल्याही डब्याला तुमच्या मोरीची ओळख नसते.

दुधात आणखी एक प्रकारची साखर असते, जी बाळाला पचतच नाही. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांना कोडं होतं की आई इतकी शक्ती खर्चून न पचणारी साखर का बनवते. ती बाळासाठी नाहीच. ती बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खत आहे. कपाशीचं शेत दाट भरलं की खाली तण माजत नाही, तसं आतडं या चांगल्या जिवाणूंनी भरलं की जुलाबाच्या जंतूला पाय रोवायला जागा मिळत नाही. त्या साखरेचे काही कण तर फसवे असतात. जंतू आतड्याची भिंत समजून त्यांनाच चिकटतो आणि शीबरोबर बाहेर पडतो.

इतकी राखण घरात बसलेली असताना चार चमचे पाण्याने काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः नवजात बाळांना ग्लुकोजचं पाणी पाजलंय, दवाखान्यातच, वरिष्ठांच्या सांगण्यावरून. तेव्हाची तीच रीत होती. पुढे प्रशिक्षणात दोन अभ्यास कानावर पडले आणि माझा हात थांबला.

एक पेरू देशातला. लिमा शहराच्या कडेला गरीब वस्ती, पाणी आपल्यासारखंच टँकरचं. तिथल्या बायका बाळांना अंगावर पाजायच्या आणि वरून पाणी, काढे द्यायच्या, आपल्या गुटीसारखेच. १९८९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की सहा महिन्यांच्या आतल्या ज्या बाळांना अंगावरच्या दुधाबरोबर नुसतं पाणी किंवा काढा मिळत होता, त्यांच्यात जुलाब नुसत्या दुधावरच्या बाळांच्या दुप्पट होते. दूध चालूच होतं. फक्त पाणी वाढलं होतं.

दुसरा ब्राझीलचा, १९८७ सालचा. ज्या तान्ह्या बाळांना आईचं दूध अजिबात मिळत नव्हतं, गाईचं किंवा पावडरचंच मिळत होतं, त्यांचा जुलाबाने मरण्याचा धोका आईच्याच दुधावर असलेल्या बाळांच्या १४ पट निघाला. दोन्ही मिळत होतं त्यांचा चौपट. या चौपटीनेच मी हादरले होते. आपण समजतो, थोडं हेही, थोडं तेही, म्हणजे बाळाला दुहेरी ताकद. डॉक्टर सुनेला 'फक्त अंगावरचं' म्हणाले असतील, तर त्यातला 'फक्त' महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपल्या कानावरून निसटतो.

राहिलं ऊन. खान्देशातल्या मे महिन्याची मी थट्टा करणार नाही, दुपारी बाजेवर हात ठेवला तर चटका बसतो. पण आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. बाळाची तहान त्यातच भागते, आपल्यापेक्षा कडक उन्हाच्या देशांतसुद्धा. ओठ सुकलेले दिसले तर बाळाला पाजायला आईकडे द्यायचं. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं, घडीघडीला पितं. सासवांना वाटतं, दूध पुरत नाही म्हणून सारखं तोंड लावतंय. ते तहान भागवत असतं. पोटात पाणी गेलं तर बाळ दूध कमी ओढतं, ओढलं कमी की पान्हा कमी होतो, आणि मग खरोखरच दूध पुरेनासं होतं. त्याचं मोजमाप साधं आहे: दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा पिवळसर-पांढुरकी, पातळ लघवी झाली की पाणी पुरतंय.

पाणी पाजायची तुमची माया वाया घालवू नका. माठातलं पाणी सुनेला पाजा. बाळ अंगावर घेतलं की तिच्या हाताशी तांब्या ठेवा. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी जुनी खोड आहे, ती या उन्हात तिच्या जिवावर येते. ती उन्हातून आली की 'दूध तापलंय, आधी थोडं पिळून टाक' असंही म्हणू नका. स्तनातलं दूध तिच्या अंगाइतकंच कोमट असतं, ऊन काहीही असो. घाम पुसावा, हात धुवावेत आणि पाजावं.

गुटीबद्दल मी भांडायला बसलेली नाही. त्या डब्यातल्या मुरुडशेंग, वेखंड, हळकुंडांच्या वासात आपलं अख्खं आईपण आहे, मला ठाऊक आहे. पण सहाणेवर पाणी घालून उगाळलेली आणि बोटाने चाटवलेली वस्तू ही सहा महिन्यांच्या आत पाण्याच्या चमच्यासारखीच. त्यात मध मिसळत असाल तर ते वर्षभर पूर्ण बंद. मधातून येणारा एक जंतू तान्ह्या बाळाला लुळं पाडू शकतो. सहाण सध्या फडक्यात बांधून वर ठेवा. तेल लावणं, न्हाऊ-माखू घालणं, दुपटं वाळवणं, रात्री तिसऱ्यांदा रडलं की खांद्यावर घेऊन ओसरीत फिरणं, हे सगळं तुमचं. शेवटचं काम कोणत्याही औषधापेक्षा सुनेला जास्त लागतं.

आता तुम्ही जे एका ओळीत लिहिलंत, तिथे मी बराच वेळ थांबले. 'एक दात येताना ढाळात गेला.'

ताई, दात यायचं वय आणि रांगायचं वय एकच असतं. तेव्हा बाळ जमिनीवरचं जे दिसेल ते तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं, आणि आईकडून पोटात असताना मिळालेली ताकद ओसरत असते. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या काळात म्हणूनच जुलाब सगळ्यात जास्त होतात. दातांवर आळ येतो. दातांनी कोणी जात नाही, अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने बाळ जातं. तुमच्या वेळी गावात काय सांगितलं गेलं असेल ते मी ओळखू शकते: पोट रिकामं ठेवा, पाजू नका, पाजलं की जातंय. मी स्वतः अशा घरांत उभी राहिलेय जिथे आई भरलेल्या छातीने बसलेली आणि बाळ सुकत चाललेलं. पाजायला हवं होतं, आणि पाजू दिलं नाही. त्यात त्या आईची चूक नव्हती. तुमचीही नाही.

मीठ-साखरेचं पाणी जीव वाचवतं हे आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं होतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित बंगालमधल्या बनगावला आले, छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत मीठ, साखर आणि सोडा मिसळून ते पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावलं. शंभरातले ३० दगावत होते, ते प्रमाण ४ च्याही खाली आलं. पण बनगावहून ती गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक ओसरीपर्यंत यायला फार वर्षं लागली.

म्हणून यापुढे बाळाला खरे जुलाब झाले तर पहिली गोष्ट, अंगावर पाजणं बंद करायचं नाही. वाढवायचं. आजारी आतडंही आईचं दूध पचवतं, त्यातून पाणी मिळतं, ताकद मिळते, प्रतिद्रव्यंही मिळतात. सुनेलाच जुलाब झाले तरी तिने पाजत राहायचं, फक्त हात साबणाने धुऊन. सोबत ओआरएस, म्हणजे त्याच मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर पाणी नको म्हणालीस! ओआरएस हे तहानेचं पाणी नाही, ते औषध आहे, आणि जुलाब असेपर्यंतच द्यायचं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक अख्खी पुडी, अर्धी नाही, चवीला साखर वरून नाही. दर पातळ शीनंतर या वयाच्या बाळाला पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका. दुकानात मिळणारी गोड पेयं ओआरएस म्हणून नकोत. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या, आशाताईंकडे ती फुकट मिळते. झिंकच्या गोळ्या दवाखान्याने दिल्या असतील. या वयाला रोज १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायच्या. बहुतेक घरांत पाकीट पाचव्या दिवशी फळीवर जातं. तुमच्याकडचं कुठे आहे ते आज बघा.

टाळू खोल गेली, डोळे आत गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू खाली बसली, सहा तास लघवी नाही, पोर ओढतच नाही किंवा उठवून उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी घरी काही करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि वाटेतही पाजत राहा.

आता जून आणि बाटली. आधी हे विचारा की सुनेला रजा किती मिळते. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि त्यातले जास्तीत जास्त आठच बाळंतपणाआधी घेता येतात. पुष्कळ खासगी शाळा बाईला हे सांगत नाहीत, आणि बाईही विचारत नाही. हिशेब करून बघा, कदाचित जून टळेल.

नाही टळला तर दूध काढून ठेवायचं. सकाळी निघण्याआधी तिने स्वच्छ हाताने, उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढावं, शाळेतही मधल्या सुट्टीत काढावं, नाहीतर छाती दाटून गाठी होतात. साधारण २५ डिग्रीच्या खोलीत ते चार तास टिकतं. आपल्याकडे जूनमध्ये खोली २५ डिग्री कुठली, म्हणून थेट फ्रीजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही, आणि २४ तासांत संपवायचं. लाइट गेली की फ्रीज उघडू नका. पाजण्याआधी डबा कोमट पाण्यात धरायचा, गॅसवर तापवायचं नाही. उरलेलं उष्टं पुन्हा ठेवायचं नाही.

आणि पाजायचं बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, किंवा वाटी-चमच्याने. बाटलीने नाही. एकदा एका गावात बायका ऐकतच नव्हत्या. "आम्ही रोज गरम पाण्याने धुतो, सिस्टर," म्हणाल्या. मी एकीच्या घरची वापरातली बाटली मागितली आणि तिचं रबरी बूच ब्लेडने उभं चिरलं. बाहेरून लख्ख होतं. आत, जिथे ब्रश वळत नाही त्या टोकाला, पांढरट बुळबुळीत थर होता, बोटाने खरवडला तर नखात आला. वास घ्यायला मी ते फिरवलं. तिसऱ्या बाईपाशी गेलं आणि तिने पदर नाकाला लावला. त्यानंतर मला भाषण करावं लागलं नाही. वाटी आपण घासतो तेव्हा तिचा तळ दिसतो, बोंडलंही तसंच, चार भांड्यांबरोबर उकळून निघतं. पहिले दोन दिवस सांडेल, बाळ तोंड फिरवेल. तिसऱ्या दिवशी जमतं.

डब्याच्या दुधाची काही घरांना खरंच गरज पडते. आई नाही, आई फार आजारी आहे, डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिलंय. त्या आयांना कोणी बोल लावू नये, त्यांनी फक्त उकळलेलं पाणी, डब्यावरचं माप आणि वाटी-चमचा, एवढं पाळावं. तुमच्या घरी तशी वेळ नाही. 'दूध बाधतंय' हे डब्याचं कारण होऊ शकत नाही.

एक काम आजच करा. लसीचं कार्ड काढा. रोटाव्हायरसचे थेंब ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, सरकारी केंद्रात फुकट. तुमचा नातू पंधरा आठवड्यांच्या आसपास आहे, आणि या लग्न-माहेर-सासरच्या धांदलीत तिसरा डोस राहिला असण्याची दाट शक्यता मला वाटते. आईच्या दुधाने या जंतूपासून काही राखण होते, पूर्ण होत नाही. थेंब पाजायच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजायला हरकत नाही.

आणि सुनेला सांगा. तुम्ही हे मला विचारलेलं नाही, तरी सांगते. तिला तिच्या दुधावर शंका येत असेल, आपण खाल्लं त्याने झालं का, असं ती रात्री स्वतःला विचारत असेल. ते ओझं तिच्या डोक्यावरून तुम्हीच उतरवू शकता. मुलाच्या समोर नको, शेजारणीसमोर तर नकोच. बाज अंगणात टाकल्यावर, बाळ तिच्या अंगावर असताना, दोन वाक्यांत सांगा: लग्नात मी पाणी पाजलं होतं, घरी गुटी दिली होती, मला माहीत नव्हतं, आता नाही देणार. ती रागावेल. एखादा दिवस भांडी आपटेल. आपटू द्या. तुमच्या गेलेल्या बाळाचं तिला कधी सांगितलंय का? नसेल तर तेही सांगा, जमेल तेव्हा.

बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा श्रावण आलेला असेल, घरोघरी कानबाईच्या सणाची तयारी चाललेली असेल. मग मऊ भात, मुगाचं वरण, आपलं केळं सुरू करता येईल. केळं सोललं की आत कोणाचा हात लागलेला नसतो, म्हणून पहिल्या फळाला मला तेच आवडतं. अंगावरचं त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत, आणि पुढे जमेल तितकं चालू ठेवायचं. वर्षाच्या आत निम्मी ताकद तिथूनच येते. उष्टावणाला पहिला घास भरवायचा मान आपल्याकडे मामाचा. दुसरा तुम्ही मागून घ्या. वाटीत केळं तुम्हीच कुस्करा, आधी साबणाने हात धुऊन, आणि पुसायला पदर न घेता.